प्रस्तरारोहणावर छोटा मराठी अंक छापायचा आहे: कागद, टोपो, नोंदणी, टपाल

रानगवा
नमस्कार मंडळी. सह्याद्रीतल्या प्रस्तरारोहणाला वाहिलेला एक छोटा छापील अंक काढायचा बेत आहे. गडकोट आणि भटकंतीवर मराठीत लेखनाला तोटा नाही. पण वानरलिंगी, कळकराय, तैलबैला, हडबीची शेंडी अशा सुळक्यांवर आणि भिंतींवर दोर लावून जे काम होतं, त्याच्या नोंदी संस्थांच्या अहवालांत नाहीतर कुणाच्या तरी फोनमध्ये पडून राहतात. त्या एका जागी, नंतर सापडतील अशा याव्यात एवढा हेतू.

आराखडा असा: ए५ आकार, ६४ पानं अधिक मुखपृष्ठ, ५०० प्रती, सगळा अंक रंगीत, १३० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आर्ट पेपर, वर्षातून दोन अंक. दोन-तीन मार्ग टोपोसह (म्हणजे भिंतीच्या फोटोवर आखलेल्या चढाईच्या रेघेसह), साहित्यावर एक लेख, जुन्या मोहिमांतल्या एखाद्याची मुलाखत, एका अपघाताचं विश्लेषण आणि कृत्रिम भिंतीवरच्या चढाईचं थोडंफार. कुठे चुकतंय ते सांगा. नोंदणी लागते का आणि टपालाने कसा पाठवायचा, हेही हवं आहे.

फर्मेवाला
आकारापासून सुरुवात करा, पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. ए५ नको. २३×३६ इंची कागद कुठल्याही बाजारात मिळतो, म्हणजे ५८४×९१४ मिमी. ए५ची रुंदी १४८ मिमी. चार पानं शेजारी मांडली की ५९२ झाली, कागदाच्या बाहेर. मग छापखाना मोठा कागद घेतो, कडेची पट्टी रद्दीत जाते आणि तिचे पैसे तुमच्या बिलात येतात.

५.५×८.५ इंच धरा. आडवे चार म्हणजे २२ इंच, उभे चार म्हणजे ३४ इंच. एका बाजूला १६ पानं, दोन्ही बाजू मिळून ३२. तुमची ६४ पानं बरोबर दोन कागदांत बसतात. २३ मधला जो एक इंच उरतो तो मशीनची पकड आणि कटिंग खातात, म्हणून ब्लीड (कापण्यासाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेली छपाई) ३ मिमीच ठेवा. ५ मिमी ठेवलंत तर बसणार नाही.

हिशेब: ५०० प्रतींना १००० कागद, मशीन लावताना जाणारे आठ-दहा टक्के धरून ११००. या मापाच्या १०० जीएसएम कागदाचं ५०० नगांचं रीम २६.७ किलो भरतं, म्हणजे साधारण ५९ किलो कागद. कोटेशन मागताना कागदाचा किलोचा दर, प्लेट किती, छपाई किती, बाइंडिंग किती असं सुटं मागा. "एका अंकाला किती पडेल?" असं विचारलं की कुठला कागद लावलाय तेसुद्धा कळत नाही.

रानगवा
धन्यवाद, हे माहीतच नव्हतं. सगळा अंक रंगीत ठेवावा का?

फर्मेवाला
गरज नाही. दोन्ही कागद चार रंगांत म्हणजे दोन कागद × दोन बाजू × चार, अशा १६ प्लेट. एक कागद रंगीत आणि एक काळा केला तर ८ अधिक २, म्हणजे १०. बचत प्लेटचीच नाही, मशीनच्या फेऱ्यांचीही आहे.

मात्र रंगीत पानं कुठे पडणार ते आधी समजून घ्या. मधोमध पिना मारायच्या असतील तर आतल्या कागदावर १७ ते ४८ ही पानं येतात, बाहेरच्या कागदावर १ ते १६ आणि ४९ ते ६४. आतला कागद रंगीत करा. फोटो आणि टोपो १७ ते ४८ मध्ये, मुलाखत, संपादकीय, पत्रं बाहेर. ३२-३३ हे मधलं जोडपान एकच अखंड कागद असतं, तिथे चित्र मधोमध तुटत नाही. सगळ्यात मोठा टोपो तिथेच टाका. इतर जोडपानांत डावं-उजवं पान वेगवेगळ्या जागी छापलं जातं आणि दुमडताना एखादा मिमी सरकतं. मार्गाची रेघ तिथे तुटली की वाचणारा गोंधळतो.

पिना मारल्यावर आतली पानं बाहेर डोकावतात. ६४ पानांत १६ घड्या एकात एक बसतात, १०० जीएसएमला आतलं पान सुमारे २ मिमी पुढे येतं आणि कटिंगमध्ये तेवढं कापलं जातं. बाहेरचा समास १२ मिमीच्या खाली नेऊ नका. पानांची संख्या ४ च्या पटीत लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तुमच्यासाठी खरा आकडा ३२ चा पट आहे. ६८ पानं केलीत तर चार पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळी फेरी.

कानामात्रा
अक्षरजुळणीबद्दल लिहितो. जुन्या मंडळींचे लेख श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटात येतील, ते कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावे लागतील. तिथे सगळ्यात जास्त मार खातो तो अर्धा ऱ्. "दऱ्या" चं "दर्या" होतं, "चढणाऱ्या" चं "चढणार्या". या विषयात दर तिसऱ्या ओळीत हा ऱ् येतो आणि शब्दतपासणी "दर्या" ला हात लावत नाही, कारण तो शब्द अस्तित्वात आहे, फक्त अर्थ समुद्र. रूपांतर झालं की "र्य" आणि "र्ह" हे दोन्ही शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी बघायची. सरसकट बदल केला तर "सूर्य" आणि "कार्य" बिघडतील.

इनडिझाइन वापरणार असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरं सुटतात. पैसे वाचवायचे तर स्क्रायबस १.६ मोफत आहे आणि देवनागरी नीट जुळवतं. मजकुराला मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी, दोन्ही मोफत परवान्याचे. तिरोच्या मराठी आवृत्तीत ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, म्हणून माझं मत तिला. आकार ११.५, ओळीचं अंतर १६. या मापाने पानात २८० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे १८०० शब्दांचा लेख सहा पानं आणि फोटोंची जागा वेगळी. लेखकांना शब्दसंख्या आधीच कळवा.

मजकुराचा काळा रंग १०० टक्के काळाच हवा. वर्डमधून आलेला काळा कधी कधी चार रंगांचा होतो. मग छपाई केसभर हलली तरी अक्षरांना लाल-निळी झालर दिसते. पीडीएफ पाठवण्याआधी आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये काळी प्लेट बंद करून बघा: मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे.

दोरखंड
आता कातळाचं. टोपोचं पान इतर पानांसारखं नाही, त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी वजन टाकणार आहे. तेव्हा घाई नको.

फोटो पायथ्यातून काढू नका, वरचे टप्पे आखडून दिसतात. समोरच्या टेकाडावरून, शक्यतो भिंतीच्या मध्याच्या उंचीवरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने काढा. ऊन तिरपं हवं. भर दुपारी कपारी, कंगोरे सगळं सपाट दिसतं. रेघ वेगळ्या थरावर काढा, जिथे मुक्त चढाई झाली तिथे अखंड, जिथे मेखांवर वजन देऊन, म्हणजे एडने झाली तिथे तुटक. या दोहोंची सरमिसळ हा आपल्याकडच्या जुन्या अहवालांतला सगळ्यात मोठा घोटाळा आहे. "कठीण श्रेणी" एवढंच लिहिलेलं असतं आणि तो टप्पा मुक्त चढला की एडने, हे कळायला मार्ग नसतो. मुक्त टप्प्याला फ्रेंच श्रेणी द्या, एडला ए१, ए२ अशी वेगळी.

टप्प्यांची लांबी दोराने मोजून घ्या, मीटरमध्ये. ६० मीटरचा दोर दुहेरी केला की ३० मीटर पोचतो. टोपोत २८ छापलं आणि प्रत्यक्ष उतार ३२ असेल तर दोराची टोकं हवेत लोंबतात, आणि टोकांना गाठ मारलेली नसेल तर माणूस दोरावरून सुटतो. जुन्या अहवालांतला "अंदाजे १०० फूट" हा आकडा ३०.४८ मीटर करून छापू नका. अंदाज अंदाजच राहतो, दशांश लावल्याने तो मोजलेला वाटतो. "सुमारे ३० मी., न मोजलेले" असं लिहा.

मेखा आणि बोल्ट यांची नोंद व्यास, धातू, बसवल्याचं वर्ष आणि शेवटची तपासणी अशी द्या. "गंजलेला" किंवा "मजबूत" ही विशेषणं काढून टाका. पावसाळ्यात पाणी छिद्रात झिरपतं, बाहेरचं टोक चकचकीत राहून आतली दांडी खाल्ली जाते, हे वरून दिसत नाही. स्टेनलेसचा हँगर (बोल्टवर बसवायची, कडी अडकवायची पट्टी) साध्या मुलामा दिलेल्या बोल्टवर बसवला असेल तर बोल्ट आणखी लवकर गंजतो, म्हणून दोन्हींचा धातू वेगवेगळा लिहा.

एक गोष्ट टोपोत हमखास राहते. आपला कातळ लाव्ह्याच्या आडव्या थरांचा आहे आणि काही ठिकाणी दोन थरांमध्ये लालसर मातकट पट्टा असतो. त्याच्या आसपास पकडी हातात येतात, मेखही धरत नाही. तो पट्टा टोपोवर रंगाने दाखवा. वरचा घसाराही दाखवा, कारण दोर ओढताना दगड तिथूनच सुटतात.

घाटवाट
माझा मूळ आक्षेप आहे. हे छापायचंच कशाला? छापलं की गर्दी होते. पायथ्याच्या गावाला त्रास, कातळाखालच्या देवस्थानाला त्रास. बऱ्याच कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत आणि त्यांचा विणीचा काळ नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका आपल्या चढाईचा हंगाम.

दोरखंड
घाटवाटदादा, गिधाडांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्या भिंतींचे मार्ग छापू नयेत, आणि आधी झालेल्या चढाईची नोंद द्यायची असेल तर टोपोविना, महिन्यांचा उल्लेख करून द्यावी. आग्या मोहोळाची जागा मात्र नक्की छापावी. भिंतीवर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

पण ज्या सुळक्यांवर दर आठवड्याला माणसं जातातच, तिथे गर्दी अंकामुळे होणार नाही. तिथे धोका जुन्या मेखांचा आहे आणि त्याची नोंद कुठेच नाही. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा कोकणकड्याच्या पानावर वनखात्याच्या परवानगीची ओळ टोपोच्या वर, मोठ्या अक्षरांत हवी. कान्हेरीचा परिसर राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथेही तेच. नवीन, कुणाला फारशा माहीत नसलेल्या जागेबद्दल पायथ्याच्या गावाशी बोलल्याशिवाय ठिकाण देऊ नये, हे मी तुमच्या बाजूने लिहितो.

घाटवाट
ठीक. मग प्रत्येक मार्गाच्या पानावर "शेवटची पडताळणी: महिना, वर्ष" असा ठळक चौकोन हवा, आणि किती वर्षांनी ही माहिती शिळी धरायची तेही त्यातच. हे नसेल तर माझा विरोध कायम.

दोरखंड
मान्य. त्याच्या जोडीला: मार्ग न चढलेल्या, पण लीड करू शकणाऱ्या (दोर घेऊन सगळ्यांत पुढे चढणाऱ्या) दोघांना टोपो हातात देऊन भिंतीसमोर उभं करा आणि मोठ्याने वाचायला लावा. जिथे दोघं वेगवेगळ्या कपारीकडे बोट दाखवतील ती रेघ पुन्हा काढा.

फर्मेवाला
फोटोंबद्दल राहिलं. पूर्ण पानाला ३०० डीपीआयने १६५०×२५५० पिक्सेल लागतात, ब्लीड वेगळं. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो आला तर त्याची लांब बाजू १६०० च्या आसपास आखडते, म्हणजे छपाईत जेमतेम साडेतेरा सेंटीमीटर. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

बेसाल्ट हा छपाईला अवघड विषय आहे. दगड मुळात काळपट, त्यात सावलीतली भिंत. मॅपलिथोसारख्या कोट नसलेल्या कागदावर शाई पसरते आणि पडद्यावर दिसणाऱ्या सगळ्या खाचा मिटून काळा डाग उरतो. कागद मॅपलिथोच घ्या, वाचायला आणि पेन्सिलने टिपण करायला तोच बरा, पण फोटोतला गडद भाग पडद्यावर फिका वाटेल इतका उघडा आणि एकूण शाई (चारही रंगांच्या टक्क्यांची बेरीज) २८० टक्क्यांच्या आत ठेवा. मुख्य टोपो असलेल्या पानाचं प्रूफ नेमक्या त्याच कागदावर काढून घ्या. चकचकीत प्रूफ बघून सही केली तर पुढे तक्रारीला जागा नाही.

भिंतकर
कृत्रिम भिंतीला "थोडंफार" म्हणून गुंडाळू नका ही विनंती. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगचे (दोराशिवाय, कमी उंचीवरच्या चढाईचे) विश्वचषक सामने झाले, हे इथल्या किती वाचकांना माहीत असेल? आज नव्याने चढायला लागणारी बरीच मुलं आधी भिंतीवर येतात आणि मग कातळावर. रूट सेटर (भिंतीवर पकडी लावून मार्ग रचणारा) नेमकं काय करतो यावर मराठीत काहीही सापडत नाही: पकडींचा कोन, दोन पकडींमधलं अंतर, ठेंगण्या मुलीला आणि उंच मुलाला तोच प्रश्न कसा पडेल याचा विचार. त्याला निदान सहा पानं द्या.

पोस्टपेटी
नोंदणी. १८६७ चा जुना कायदा जाऊन प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरियॉडिकल्स अॅक्ट, २०२३ आला आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. ठरावीक कालांतराने निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवर भाष्य असलेलं प्रकाशन म्हणजे नियतकालिक. पुस्तक आणि शास्त्रीय, तांत्रिक, शैक्षणिक स्वरूपाचं जर्नल त्यात येत नाही. एकाच नावाने वर्षातून दोनदा अंक काढायचा आणि त्यात स्पर्धांच्या बातम्या, परवानग्यांवर मतं असणार, तर सरळ नोंदणी करा. प्रेस सेवा पोर्टलवर नावाचा आणि नोंदणीचा अर्ज एकत्रच होतो. नाव देशात मराठीतल्या किंवा राज्यातल्या कुठल्याही भाषेतल्या नोंदलेल्या नावासारखं चालत नाही, तेव्हा नुसतं "सह्याद्री" किंवा "गिरिशिखर" मनात असेल तर दुसरे पर्याय तयार ठेवा. मुखपृष्ठाचं डिझाइन नाव मिळाल्यावर.

दुसरा रस्ता पुस्तकाचा. प्रत्येक अंक स्वतंत्र नावाचं, स्वतंत्र विषयाचं पुस्तक: एक तैलबैल्यावर, एक दोर आणि गाठींवर. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन, विनामूल्य मिळतो. साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांसारखं "जमेल तेव्हा" काढण्याची परंपरा मराठीत आहेच, पण तुमचा अंक ठरल्या वेळी येणार असेल तर ती ढाल घेऊ नका.

कुठलाही रस्ता धरा, १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याच्या प्रती विसरू नका: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. पुस्तक असेल तर तीस दिवसांच्या आत, स्वखर्चाने. पन्नास वर्षांनी कुणी वानरलिंगीच्या मेखांचा इतिहास शोधायला बसेल तेव्हा अंक तिथेच सापडेल.

टपाल: तुमचा अंक १०० जीएसएम आणि २५० च्या मुखपृष्ठासह सुमारे ११२ ग्रॅम भरतो. कोपरे दुमडू नयेत म्हणून पाकिटात ३०० जीएसएमचं पुठ्ठ्याचं पान घाला, ते सुमारे ९ ग्रॅम. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने ज्ञान पोस्ट सुरू केली, तेव्हाचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर. म्हणजे पुस्तकाचा रस्ता धरलात तर दोन प्रती एका पाकिटात जातात. पण ठरावीक कालांतराने निघणारं किंवा जाहिराती असलेलं प्रकाशन त्यात बसत नाही. दोरांच्या दुकानाची मलपृष्ठावरची जाहिरात घेण्याआधी तिचे पैसे आणि टपालातला फरक मांडून बघा, आणि डमी (अंकाचा कोरा नमुना) घेऊन टपालाच्या खिडकीवर आधीच विचारून या.

रानगवा
पोस्टपेटीताई, खूप उपयोग झाला. लेखकांशी करार लागतो का? आणि अपघाताच्या लेखाचं काय करावं?

पोस्टपेटी
एक पान पुरे, पण लेखी हवं. कॉपीराइट कायद्यात हक्क दिल्याची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत. तुम्हाला पूर्ण हक्क नकोतच. "या अंकात आणि त्याच्या डिजिटल प्रतीत छापण्याची परवानगी, बाकी हक्क लेखकाकडे" एवढं पुरतं. फोटोग्राफरचं वेगळं घ्या. लेखकाने फोटो पाठवला म्हणजे तो त्याचा, असं नाही.

दोरखंड
अपघाताच्या लेखात क्रम ठेवा: वेळ, जागा, दोराची रचना, काय निसटलं, काय धरून राहिलं, मदत किती वेळात आली. कुटुंबाची लेखी संमती हवी, पोलिसांची चौकशी चालू असेल तर थांबा. नावं नसली तरी लेखाचं काही अडत नाही. "निष्काळजीपणा" हा शब्द लिहायचा मोह आवरा. गाठ कुठली होती आणि ती कुणी तपासली, एवढंच वाचणाऱ्याच्या कामी येतं.

कानामात्रा
पहिल्या अंकाआधी शब्दांची यादी करा, नाहीतर एकाच अंकात बिले, बीले आणि बिलेइंग असे तीन अवतार दिसतील. माझं मत: जे शब्द कातळाखाली ओरडून वापरले जातात ते तसेच ठेवा: बिले (चढणाऱ्याचा दोर सांभाळणं), जुमार (दोरावरून वर चढायचं साधन), अँकर (दोर बांधायचा पक्का आधार), रॅपल (दोरावरून उतरणं). भिंतीच्या अंगासाठी मराठी शब्द उत्तम आहेत: कपार, खाच, कंगोरा, पावठी, नाळ, बेचकं, घसारा. "आरोहणदोर-नियंत्रण" असलं काही घडवू नका. पिचला "टप्पा" म्हणायचं ठरलं तर "कातळटप्पा" हा वेगळ्या अर्थाने येतो, तो तपासा.

फर्मेवाला
वेळापत्रक. सप्टेंबर-ऑक्टोबरात छापखाने दिवाळी अंकांनी भरलेले असतात, छोटं काम मागे पडतं. चढाईचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि अंक तेव्हा हातात हवा. म्हणजे पीडीएफ १५ ऑगस्टच्या आत. पावसाळ्यात सगळे घरी असतात तेव्हा लेख लिहून घ्या, जुलैत मुलुंडच्या गिरिमित्र संमेलनात आगाऊ नोंदणी करा. त्या नोंदणीच्या आकड्यावर प्रती ठरवा. दोनशेच्या खाली राहिली तर डिजिटल छपाई करा, ऑफसेटच्या प्लेटचा खर्च प्रती कमी केल्याने कमी होत नाही.

रानगवा
तर बदल असे: ५.५×८.५, १०० जीएसएम मॅपलिथो, १७ ते ४८ रंगीत, वर्षातून एकच अंक, नोंदणी करून. भिंतीला सहा पानं. पडताळणीचा चौकोन प्रत्येक मार्गावर. एकच शंका उरली: अंक वाटून झाल्यावर टोपोत चूक सापडली तर?

दोरखंड
धोक्याची चूक असेल, म्हणजे उताराची लांबी, अँकरची जागा, बोल्टचा धातू, तर पुढच्या अंकाची वाट बघू नका. नोंदणी घेताना प्रत्येकाचा फोन नंबर घ्या, त्याच दिवशी सगळ्यांना कळवा आणि उरलेल्या प्रतींवर त्या आकड्याच्या जागी छापील चिकटपट्टी लावा. ती मापात बसावी म्हणून टोपोतले सगळे आकडे एकाच आकाराच्या, १०×५ मिमीच्या पांढऱ्या चौकोनात ठेवा. हे मांडणीच्या वेळीच करायचं असतं.

फर्मेवाला
आणि चिकटपट्टी मॅट कागदाची सांगा. चकचकीत पट्टीवर पेन्सिल चालत नाही, आणि लोक टोपोवर पेन्सिलने लिहितातच.